टाकाऊ बाटलीतून कळलावीचा ब्रोच: आधी काय, मग काय

प्लॅस्टिकच्या बाटल्यांची फुलं करून पाहणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचं काम दोन जागी अडतं. फूल कशाचं आहे ते ओळखू येत नाही, आणि अंगावर लावलं तर थोड्याच वेळात काढून ठेवावंसं वाटतं. हाताला सफाई नाही म्हणून असं होत नाही, क्रम चुकतो म्हणून होतं. बाटली कापून, तापवून, रंगवून झाल्यावर मग "हे लावायचं कुठे?" असा विचार सुरू होतो. इथे उलट्या दिशेने जायचं आहे: आधी झाड, मग अंगावरची जागा, मग कागदी साचा आणि त्यानंतर कात्री.

उदाहरणासाठी कळलावी घेतली आहे. खड्यानाग, अग्निशिखा याही नावांनी ती ओळखली जाते. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळ्यात कुंपणांवर, रानाच्या कडेने ती चढलेली दिसते. तिची पाकळी अरुंद, नागमोडी कडेची आणि मागे उलटलेली असते. बाटलीचं प्लॅस्टिक गरम झालं की असे वळण घेतं, म्हणून हे फूल आणि हे सामान यांची जोडी जमते. ताम्हणाच्या चुरगळलेल्या पाकळीला जुन्या साडीचं कापड जास्त शोभतं, पळसाच्या काळपट, लवदार फुलकोशाला जुनं मखमल. झाड बघून सामान ठरवा.

## काय गोळा करायचं

- शीतपेयाची सव्वा लिटरची एक स्वच्छ, पारदर्शक बाटली. मधला भाग शक्य तितका सपाट, खाचा नसलेला
- पानांसाठी हिरव्या बाटलीचा तुकडा (नसेल तर पारदर्शकच रंगवा)
- जुन्या लॅन केबलचा (कॉम्प्युटरला इंटरनेट जोडायची वायर) हातभर तुकडा
- काढून टाकलेल्या वायरिंगमधली हिरव्या आवरणाची अर्थिंगची वायर, आत एकच जाड तार असलेली
- जुन्या जीन्सचा तुकडा, भक्कम सेफ्टी पिन किंवा ब्रोचची पिन
- ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर), दाभण, नोज प्लायर, लांब चिमटा, धारदार कात्री, कटर
- लाल, पिवळा, पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग
- हॉट एअर गन किंवा जाड मेणबत्ती

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा आहे ना, ते पाहा. तो पेट (PET) या प्लॅस्टिकचा आकडा. ३ असेल तर ते पीव्हीसी, त्याला आच लावायचीच नाही. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटलीही नको. आच लागताच ती आक्रसून गोळा होते. फिनेल, कीटकनाशक, तेल-ग्रीस यांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी अंगावरच्या वस्तूसाठी घेऊ नयेत.

## टप्पा १: फूल नीट पाहा

फोटो बघून काम सुरू करणाऱ्यांची पहिली चूक इथे होते. कळलावीचे फोटो बहुधा समोरून किंवा खालून काढलेले असतात आणि त्यात ती एखाद्या लिलीसारखी दिसते. प्रत्यक्षात फूल खाली तोंड करून लटकतं, आणि त्याच्या सहाही पाकळ्या मागे वळून वर, देठाच्या दिशेने जातात. त्यांच्या खाली सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. मधला हिरवा अंडाशय तळाला उघडा दिसतो आणि त्यातून निघणारा कुक्षिवृंत सरळ खाली न जाता काटकोनात एका बाजूला वळतो. हा काटकोन चुकला की ज्याने कळलावी पाहिली आहे त्याला लगेच खटकतं.

आणखी दोन गोष्टी टिपून ठेवा. परागकोश पुंकेसराच्या टोकावर उभा नसतो, मधोमध टेकलेला, आडवा असतो. आणि पानाचं टोक दोऱ्यासारखं बारीक होत जाऊन वेटोळं घेतं. वेल त्याच टोकाने आधाराला धरून चढते.

एकाच वेलीवर तीन वयांची फुलं मिळतील: नुकतं उमललेलं हिरवट पिवळं, मग बुडाशी पिवळं आणि वर लाल, शेवटी जवळजवळ सगळं लाल. कोणतं करायचं ते आत्ताच ठरवा. मला मधलं करायला आवडतं, त्यात दोन्ही रंग दिसतात.

सावधान: कळलावीचे सगळे भाग विषारी आहेत, कंद सर्वांत जास्त. त्यात कोल्चिसीन हे विष असतं. फूल तोडू नका, कंद उकरू नका, मुलांच्या हातात देऊ नका. बाजूने, खालून आणि मागून असे तीन फोटो आणि वहीतलं एक साधं रेखाटन इतकं पुरतं. वेल जागेवरच राहू द्या.

## टप्पा २: अंगावरची जागा ठरवा

साडीच्या खांद्यावर, कुर्त्याच्या गळ्याशी की पिशवीवर? यावर तीन गोष्टी अवलंबून आहेत: फुलाची खोली, वजन आणि पिनेची जागा.

खऱ्या फुलाच्या पाकळ्या चहूबाजूंनी वळतात. तसंच्या तसं केलं तर मागच्या दोन पाकळ्या छातीशी किंवा खांद्याशी टोचतात आणि ब्रोच कपड्यापासून उचललेला राहतो. म्हणून आत्ताच ठरवा: चार पाकळ्या समोरून दिसतील अशा, आणि मागच्या दोन आच देतानाच डावी-उजवीकडे कलत्या, जेणेकरून मागची बाजू चपटी राहील. एकूण खोली ४ सेंटीमीटरच्या आत ठेवा. शोभेचं फूल चारी बाजूंनी पाहिलं जातं, अंगावरचं फूल समोरून आणि बाजूने. हा फरक आधी मान्य केला की पुढचं बरंच सोपं होतं.

फूल खाली तोंड करून लटकायला हवं, म्हणजे देठ वरून यायला हवा आणि पिन देठाजवळ, वर हवी. पिन मध्यभागी लावली की वरचा भाग पुढे झुकतो. जुन्या रेशमी साडीवर एकटी पिन धागे ओढते. तिथे आतून कापडाची छोटी चकती ठेवून पिन त्यातून पार न्यावी लागते. पिनेऐवजी चुंबक लावायचं मनात असेल, तर घालणाऱ्याला किंवा घरात कुणाला पेसमेकर नाही ना, हे आधी विचारा. असेल तर चुंबक नकोच.

## टप्पा ३: कागदी साचा

वहीच्या पानावर पाकळी काढा: ८.५ सेंटीमीटर लांब, सर्वांत रुंद जागी १.५ सेंटीमीटर, दोन्हीकडे निमुळती. बुडाशी ८ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद अशी शेपटी ठेवा, बांधायला तीच लागते. खरी पाकळी याहून थोडी लहान असते. जास्तीचं माप आक्रसण्यासाठी सोडलं आहे.

कागदाच्या सहा पाकळ्या कापून एका काडीभोवती बांधा, मागे वळवा आणि आरशासमोर कपड्यावर धरून पाहा. फार मोठं वाटलं तर आत्ता लहान करा.

थांबा, तपासा: हातभर अंतरावरून घरातल्या कुणाला दाखवा. कागदाच्या पांढऱ्या फुलातही उलटलेल्या पाकळ्या ओळखू येत असतील तरच पुढे जा. रंगाने आकाराची उणीव भरून निघत नाही.

## टप्पा ४: बाटली धुणं, घासणं, कापणं

लेबल सोलून चिकटा खोबरेल तेलाने चोळून काढा आणि मग भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. तेलाचा अंश राहिला की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी कोमट घ्या. पेट साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात बाटली तुमच्या हातातच आकार सोडेल.

कटरने तोंड आणि तळ वेगळे करा, मधली नळी उभी चिरून पत्रा करा. आता बाटलीची आतली बाजू वॉटर पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने घासा. एकसारखी धुरकट झाली की थांबा. पाणी लावून घासलं की प्लॅस्टिकची पूड उडत नाही. ते पाणी कापडातून गाळा आणि गाळ सुक्या कचऱ्यात टाका. पाकळ्या कापून झाल्यावर एकेक घासत बसू नका, अरुंद तुकडा हातात धरवत नाही आणि कड फाटते.

साचा ठेवताना पाकळीची लांबी बाटलीच्या घेराच्या दिशेने ठेवा, उंचीच्या नव्हे. कागद वाचवायच्या सवयीने लोक साचे कसेही बसवतात, आणि इथे ते महागात पडतं. घेराच्या दिशेने कापलेल्या पाकळीला बाटलीची गोलाई आयती मिळते आणि तीच गोलाई मागे उलटण्याच्या कामी येते. उंचीच्या दिशेने कापली तर पाकळी पन्हळीसारखी दुमडते. बाटली फुगवून घडवताना प्लॅस्टिक घेराच्या बाजूने जास्त ताणलेलं असतं, आच लागली की त्याच बाजूने जास्त आक्रसतं. म्हणून साच्यात लांबीला वाव ठेवला होता.

सहा लागतात, आठ कापा. मार्करची रेघ बाहेर राहील अशी आतून कात्री चालवा. टोकं अगदी सुईसारखी ठेवू नका, किंचित गोल करा.

## टप्पा ५: आच देणं

सर्वांत जास्त फुलं इथे वाया जातात. सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी किंवा पदर बाजूला, खिडक्या उघड्या, जवळ पाण्याची बादली. मुलं आसपास नकोत.

सावधान: प्लॅस्टिक तापवायचं आहे, जाळायचं नाही. धूर दिसला, वास आला किंवा कड काळी पडली की तो तुकडा बाजूला काढा. मेणबत्ती असेल तर ज्योतीच्या टोकापासून ५-६ सेंटीमीटर वर धरा आणि सतत हलवत राहा. काजळी धरली तर तुम्ही फार खाली आला आहात. हॉट एअर गन असेल तर सर्वांत कमी आचेवर ठेवा. तिने काजळी येत नाही, म्हणून मी तिलाच पसंती देते.

आधी वाया गेलेल्या तुकड्यांवर हात बसवा. मग प्रत्येक पाकळीला या क्रमाने आच द्या:

1. कडा. पाकळी चिमट्यात धरून कड वरवर फिरवा, धार जाऊन ती किंचित जाड होईल इतकीच.
2. नागमोड. कड नुसती तापवत राहिलात तर ती आत ओढली जाते आणि पाकळी वाटी होते. कळलावीला वाटी नको. कडेचा बोटाच्या पेराएवढा भाग तापवा, लगेच नोज प्लायरच्या टोकाने वर पिळा आणि निवेपर्यंत धरा. पुढचा भाग खाली पिळा. एका कडेला तीन-चार वळणं पुरतात. दोन्ही कडांची वळणं समोरासमोर येऊ देऊ नका, नाहीतर पाकळी झालरीसारखी दिसते.
3. मागचं वळण. पाकळीचा बुडाकडचा एक-तृतीयांश भाग तापवा आणि घासलेली बाजू आत राहील अशी मागे झुकवा. सहाही पाकळ्या तंतोतंत सारख्या वळवू नका.
4. शेपटी. शेवटी बुडाची शेपटी तापवून काटकोनात मागे दुमडा.

मागचं वळण आधी आणि नागमोड नंतर केलीत तर दुसऱ्या आचेत पहिलं वळण सुटतं. दुमडून झालं की तापवलेल्या दाभणाने प्रत्येक शेपटीला दोन भोकं पाडा. दाभण पकडीत धरा, बोटांत नव्हे. गरम दाभणाने भोकाची कड गुंडाळली जाते आणि तिथून चीर जात नाही. पंचने पाडलेलं भोक पुढे फाटू शकतं.

पानं याच वेळी करून घ्या. लांबट भाल्यासारखं पान कापा, टोकाला २ मिलिमीटर रुंद पट्टी सोडा, ती तापवून दाभणाभोवती दोन वेढे द्या आणि निवू द्या.

थांबा, तपासा: कापसाचा बोळा प्रत्येक कडेवरून फिरवा. तंतू अडकला तर ती कड अजून बोचरी आहे. कापसाला अडकते ती साडीलाही अडकेल, मानेलाही. पुन्हा हलकी आच द्या.

## टप्पा ६: रंग, मागच्या बाजूने

आच देऊन झाल्यावरच रंग. आधी रंगवून मग तापवलं तर रंग भेगाळतो आणि त्याचा धूर नाकात जातो.

रंग घासलेल्या, म्हणजे लपणाऱ्या बाजूला द्यायचा. समोरची गुळगुळीत बाजू तशीच राहते, तिची चमक टिकते आणि रंगाला कपड्याचं घर्षण लागत नाही. पण यात क्रम उलटा होतो, काचेच्या मागून चित्र रंगवताना होतो तसा: समोरून जे सर्वांत वर दिसायला हवं ते पहिल्यांदा.

पहिल्यांदा लाल. टोकाकडून खाली दोन-तृतीयांशापर्यंत, बुडाकडे जाताना कोरड्या ब्रशने विरळ करत, आणि कडेला केसाएवढी जागा मोकळी सोडून. तो पूर्ण वाळल्यावर सगळ्या पाकळीवर पिवळा. मोकळ्या सोडलेल्या कडेतून पिवळी किनार दिसेल. त्यानंतर पांढऱ्याचा एक हात. हा पांढरा हात बरेच जण गाळतात. पिवळा अ‍ॅक्रिलिक रंग पातळ असतो. मागे पांढरा नसेल तर गडद कपड्यावर पाकळी मळकट दिसते.

रात्रभर वाळू द्या.

थांबा, तपासा: जादा पाकळीवर सेलोटेप चिकटवून ओढा. रंग टेपबरोबर आला तर तेल राहिलं होतं किंवा घासणं कमी पडलं. सगळ्या पाकळ्या पुसून टप्पा ४ पासून बघा, वरून आणखी रंग चढवू नका.

## टप्पा ७: पुंकेसर आणि देठ

लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. त्यातली हिरवी तार पुंकेसराला आणि कुक्षिवृंताला रंग न देताच शोभते. आधी टोक सोलून ब्लेडने खरवडा. आतून रुपेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार आहे. चार-पाच वेळा वाकवली की तुटेल, घेऊ नका. आवरण काढायला तार जाळू नका. पीव्हीसीचा धूर घातक असतो. कटरने गोल चीर देऊन ओढलं की आवरण निघतं.

सहा तुकडे ७ सेंटीमीटरचे. प्रत्येकाच्या टोकाचं आवरण काढून नोज प्लायरने उघड्या तारेचा इंग्रजी टीसारखा आडवा दांडा वळवा, त्यावर पिवळा रंग. हाच परागकोश. तारेचं कापलेलं टोक आत दुमडलेलं हवं, बाहेर नको.

देठ अर्थिंगच्या वायरचा, १२ सेंटीमीटर. तिचंच १ सेंटीमीटर रिकामं आवरण कापा, त्यातून लॅनची एक हिरवी तार ओवा आणि तोंडाशी काटकोनात वाकवा. आवरण म्हणजे अंडाशय, बाहेर आलेली तार म्हणजे कुक्षिवृंत.

## टप्पा ८: बांधणी

पुढून मागे असा क्रम: अंडाशय, पुंकेसर, पाकळ्या. अंडाशयाची तार देठाला बांधा. तिच्याभोवती सहा पुंकेसर समान अंतरावर लावून बारीक तांब्याच्या तारेने पाच-सहा वेढे द्या आणि मग त्यांना आडवं पसरा.

त्यांच्या लगेच मागे तीन पाकळ्या तिकोनात ठेवा, शेपट्या देठालगत मागच्या बाजूला. भोकांतून तार ओवून घट्ट बांधा. मग उरलेल्या तीन मधल्या मोकळ्या जागांत. सहाही एकदम बांधायला गेलात तर एक नेहमी निसटते आणि बाकीच्या एका बाजूला सरकतात.

हॉट ग्लूने चिकटवायचा मोह होईल. करू नका. पेटच्या गुळगुळीत अंगावर तो धरत नाही, आणि उन्हात बंद गाडीत राहिलं की मऊ पडतो. जोड तारेचाच हवा.

पानं देठाला बांधा, देठ वरून वाकवून मागे घ्या.

## टप्पा ९: पाठ आणि पिन

जीन्सच्या दोन लांबट गोल चकत्या कापा, ५ बाय ३ सेंटीमीटर. एका चकतीवर देठ जाड दोऱ्याने टाचा, तारांची सगळी टोकं त्यावर दाबून घ्या. दुसऱ्या चकतीवर पिन आडवी, वरच्या एक-तृतीयांश भागात शिवा. मग दोन्ही चकत्या पाठीला पाठ लावून कडेने शिवून टाका. घामाने तांब्याचा हिरवा डाग कपड्यावर पडतो, म्हणून मागे उघडी तार कुठेच राहता कामा नये.

शेवटची तपासणी: ब्रोच जुन्या सुती कपड्यावर लावा. खाली वाका, हात वर करा, खांद्यावर पिशवी घ्या, कुणाला तरी मिठी मारा. फूल पुढे झुकलं तर पिन आणखी वर हवी. काही टोचलं तर ती पाकळी पुन्हा वळवावी लागेल. आता रंग लागलेला आहे, त्यामुळे तापवलेला चमचा फक्त समोरच्या बिनरंगी बाजूला टेकवा आणि हलकेच वळवा, ज्योत नको.

धुवायची वेळ आली तर गार पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा, पाठीचं कापड भिजू देऊ नका. ठेवताना बिस्किटाच्या डब्यात, खाली कापड घालून, पाकळ्यांवर काही न ठेवता. साडीला लावलेला असेल तर इस्त्रीआधी काढा.